तिसऱ्या भोकापाशी चेंडू डावीकडे जात होता

टर्फ, म्हणजे कृत्रिम गवताचं मैदान, म्हटलं की आमच्या धुळे-जळगाव भागात लोकांना बॉक्स क्रिकेट आठवतं. आमचीही बहुतेक कामं तीच. त्यामुळे अमळनेरच्या एका निवृत्त कर्नलसाहेबांनी बंगल्यामागच्या मोकळ्या जागेत पटिंग ग्रीन, म्हणजे गोल्फचा चेंडू हलकेच भोकात ढकलायच्या सरावाची हिरवळ, करून मागितलं, तेव्हा मी मनापासून खूश झालो. क्रिकेटच्या टर्फवर बोटभर उंचसखल खपून जातं. इथे चेंडू ४६ ग्रॅमच्या आतला, भोक सव्वाचार इंचाचं आणि गवत जेमतेम १२ मिलिमीटरचं. गवताखालच्या थरांत जी खोट राहील ती चेंडू दाखवणारच.

साहेबांची पहिली हरकत खोदाईला होती. "एवढ्याशा गवतासाठी सव्वा फूट खड्डा?"

मी त्यांना कुंपणाजवळ नेलं. मे महिना होता, जमिनीला हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडल्या होत्या. तापीच्या खोऱ्यातली ही काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण बांधकामाला अवघड. तिच्यातल्या मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते, वाळली की आक्रसते. अशा मातीवर न फुगणाऱ्या चिकट मुरुमासारख्या मातीचा जाड थर दाबून बसवायचा, हा उपाय आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी अभ्यासून मांडला. कालव्यांच्या कामांत तो वापरला गेला. मी तोच विचार या छोट्या कामाला लावतो. साहेबांनी मुकाट्याने मान डोलावली.

खोदाई झाली, थर एकमेकांत मिसळू न देणारं जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं, मुरुमाचे पातळ थर पाणी मारून दाबले, वर खडी आणि शेवटी क्रशरची बारीक कच. उन्हामुळे काम पहाटे नि संध्याकाळीच. पाणी निघून जावं म्हणून सगळ्या जागेला बारीक उतार दिला आणि भोकांच्या खाली खडी भरून निचऱ्याची सोय केली.

गवत अंथरण्याआधी उघड्या कचेवर चेंडू घरंगळवून बघायचा, हा माझा नेम आहे. त्या सकाळी साहेब स्वतः पटर, म्हणजे चेंडू ढकलायची काठी, घेऊन आले. पहिली दोन भोकं ठीक. तिसऱ्याकडे मारलेला चेंडू शेवटच्या हातभर अंतरात डावीकडे वळला. पुन्हा मारला, पुन्हा वळला. तिथे असा उतार आम्ही दिलाच नव्हता. लेव्हल लावून वहीतल्या नोंदीशी ताडून पाहिलं, तर कोपरा जवळजवळ सेंटिमीटरभर वर आला होता.

"फळी मारून खरवडून टाकू," आमचा एक पोरगा म्हणाला. अर्ध्या तासात सपाट झालं असतं, आणि संध्याकाळी गवतही लागलं असतं. मृग तोंडावर होता, मोह पडण्यासारखीच वेळ होती.

पण आमच्यातले सगळ्यात जुने बापू तिथे उकिडवे बसले. त्यांनी आयुष्यभर विहिरी खोदल्या आहेत. कचेत पहार घालून त्यांनी खालचा मुरूम चिमटीत घेतला आणि म्हणाले, "खाले पानी शे भाऊ. काळी माती उगी नही फुगस."

कोपरा उकरला. मुरूम दमट, आणि त्याखालची माती लोण्यासारखी मऊ. बाकी सगळीकडे तीच माती दगडासारखी होती. पाणी आलं कुठून? पाऊस नाही, जवळ नळ नाही. शेवटी उलगडा कर्नलसाहेबांच्या पत्नींनी केला. "अहो, इथे पूर्वी बाहेरची मोरी होती. मोरी पाडली, पण टाकीकडून येणारी लाइन कोणी काढली नाही." भिंतीकडून चर मारत गेलो, तर बऱ्याच अंतरावर जुन्या पाइपचा जॉइंट ठिबकत होता. पाणी एका भेगेत उतरून भेगेभेगेने थेट आमच्या कोपऱ्याखाली पोचलं होतं.

साहेबांनी विचारलं, "लाइन बंद केली, आता गवत टाकायला काय हरकत?" मी स्पष्ट नाही म्हणालो. फुगलेली माती वाळताना परत बसणार, आणि आज जिथे उंचवटा आहे तिथे महिन्याभरात खळगा होणार. त्यांनी मुदत वाढवून दिली आणि त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो, कारण गिऱ्हाईक सहसा गवताचा रंग बघून पैसे देतं.

ओली माती कोरडी लागेपर्यंत काढली, मुरूम नव्याने थराथराने भरला. जुनी लाइन टाकीपाशीच तोडली. मग एक गोष्ट केली जी मूळ अंदाजात नव्हती: केळीवाल्यांकडे असतो तो शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद आणून ग्रीनच्या चारही कडांना उभा गाडला, म्हणजे बाजूचं पाणी आत शिरायचं नाही आणि आतली ओलही एकदम उडायची नाही. ही युक्ती या मातीत मी प्रत्येक कामाला करणार आहे.

गवताचे रोल आधी उन्हात मोकळे सोडले, सगळ्यांच्या पात्यांचा कल एकाच दिशेला ठेवला, जोड सकाळच्या गारव्यात चिकटवले. वाळूवरून थोडी चर्चा झाली. नदीची वाळू स्वस्त पडते, पण तिच्यात गाळ असतो; ती ओली झाली की घट्ट बसते आणि निचरा अडतो. म्हणून कोरडी सिलिका वाळूच, थोडीथोडी पसरून झाडूने आत मुरवली.

हिरवळीवर चेंडू किती वेगाने पळतो ते मोजायला साहेबांकडे स्टिम्पमीटर होता, तीन फुटांची खाचेची पट्टी. १९३५च्या यूएस ओपन गोल्फ स्पर्धेत अमेरिकेतल्या ओकमाँट मैदानाची हिरवळ फार वेगवान वाटली म्हणून एडवर्ड स्टिम्पसन या हौशी गोल्फपटूने अशी पट्टी बनवली, हे त्यांनी आम्हा सगळ्यांना कौतुकाने सांगितलं. पट्टी साधारण २० अंशांपर्यंत उचलली की चेंडू आपोआप सुटतो. तो किती फूट गेला ते दोन्ही दिशांनी मोजून सरासरी काढायची. आमची सरासरी साडेआठ आली. तिसऱ्या भोकाकडे चेंडू सरळ गेला.

पावसाळ्यात मी लेव्हल घेऊन परत गेलो होतो. कोपरा नोंदीप्रमाणे जागेवर आहे. साहेबांना मात्र वेग दहापर्यंत हवाय, म्हणून दिवाळीनंतर आणखी वाळू मुरवून रोलर फिरवायचं ठरलंय. बापूंनाही घेऊन या, असं त्यांनी बजावलंय.