कमरेवरचं गजकर्ण आणि मेडिकलमधली ती ट्यूब

मागच्या एप्रिलमध्ये परकराच्या नाडीच्या जागी कमरेवर एक चट्टा उठला, रुपयाएवढा, कडेनं लाल आणि मधे कातडी साधीच. मी घरी कडक भाकरीच्या ऑर्डरी घेते, पत्र्याच्या खोलीत पहाटेपासून दुपारपर्यंत तव्यासमोर, त्यात सोलापूरचा उन्हाळा, पारा चाळीसच्या वर, नाडी दिवसभर घामानं भिजलेलीच. वाटलं घामोळं असेल. सासूबाई म्हणाल्या रक्त बिघडलंय तुझं, कडुलिंबाचा पाला टाकून अंघोळ कर. पंधरा दिवस केली, चट्टा तळहाताएवढा झाला.

मग मेडिकलमधून ट्यूब आणली. चिठ्ठी नाही काही नाही, "खाजेची द्या" म्हटलं आणि मिळाली. आणि खरं सांगते, तीन दिवसांत एवढा आराम पडला की मी शेजारच्या दोघींना पण तीच सांगितली, त्याचं मला आजही फार वाईट वाटतं. कारण लावायची बंद केली की आठवड्यात परत, आधीपेक्षा मोठं, रात्री झोप लागायची नाही एवढी खाज. परत ट्यूब, परत आराम, परत तेच. सहा महिने गेले असे.

दिवाळीच्या आधी त्वचारोगाच्या डॉक्टर मॅडमकडे गेले, त्यांनी पहिल्यांदा ट्यूबच मागितली. बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, क्लोबेटासॉल. हे जोरदार स्टेरॉइड, सोबत बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक, सगळं एकातच कालवलेलं. स्टेरॉइड लाली आणि खाज दाबतं, पण कातडीची लढायची ताकद पण दाबतं, म्हणून वरून बरं दिसतं आणि बुरशी पसरतच राहते. माझ्या कमरेवर कातडी पातळ होऊन बाळंतपणानंतर पडतात तसे वळ पडलेत, ते आता पूर्ण जाणार नाहीत म्हणे. 2018 मध्ये सरकारनं अशा बऱ्याच स्टेरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायच्या नाहीत असं केलंय, मला हे त्या दिवशी कळलं.

मॅडमनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून मायक्रोस्कोपखाली बघितला, बुरशीच निघाली. रक्त बिघडण्याचा काही संबंध नाही. लिव्हरची तपासणी करून इट्राकोनाझोलच्या, म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाच्या कॅप्सूल दिल्या, जेवण झाल्या झाल्या घ्यायच्या, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी मनानं घ्यायची नाही कारण मग कॅप्सूल अंगी लागत नाही. मलम नुसतं बुरशीचं, स्टेरॉइड नसलेलं, चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटीमीटरपर्यंत लावायचं. आणि चट्टा दिसेनासा झाला तरी त्या सांगतील तोपर्यंत थांबायचं नाही.

महिनाभरात छान कमी झालं. आणि डिसेंबरात परत उठलं.

मॅडमनी आधी विचारलं होतं, घरात अजून कोणाला आहे का, मी नाही म्हटलं होतं कारण मला खरंच माहीत नव्हतं. ह्यांना जांघेत चार महिन्यांपासून होतं, लाजेनं बोललेच नव्हते, माझीच जुनी ट्यूब गुपचूप लावत होते. मग पोराची मान बघितली तर तिथे पण एक गोल. मी त्या रात्री रडले. माणूस एवढी खाज सहन करतो आणि बायकोला पण सांगत नाही, एवढी कसली लाज ओ? जांघ काय आणि कोपर काय, कातडीच आहे.

तिघांचे उपचार एकदम सुरू केले तेव्हा कुठे खरा फरक पडला. ज्या गावाचे टॉवेल सगळीकडे जातात त्या गावात आमच्या घरात चौघांत दोन टॉवेल होते, आता प्रत्येकाचा वेगळा, खिळा पण वेगळा. कपड्यांचं मात्र अवघड आहे. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी, त्यामुळे आधी ओले कपडे बादलीत तसेच साचायचे. आता तिघांचे आतले कपडे आणि टॉवेल रोज गरम पाण्यात वेगळे धुते, त्यासाठी एक घागर बाजूलाच ठेवते, उलटे करून उन्हात वाळवते आणि शिवणीवरून इस्त्री फिरवते. परकराची नाडी सैल बांधते, दुपारी एकदा परकर बदलते.

मार्चपासून नवीन चट्टा नाही. काळे डाग आहेत, ते हळूहळू जातील असं मॅडम म्हणाल्या. शेजारच्या त्या दोघींपैकी एकीला मी दवाखान्यात घेऊन गेले, दुसरी अजून तीच ट्यूब लावतेय, उद्या परत जाऊन बोलणार आहे तिच्याशी.