कुकर नसलेलं किचन

सॅम्पल फ्लॅटच्या किचनमध्ये हिरवी सफरचंदंच का ठेवलेली असतात, हे मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. आपल्याकडे सफरचंद येतं ते कुणी आजारी पडलं तर, भेटायला येणाऱ्याच्या पिशवीतून. आणि तेही लाल. इथे मात्र पांढऱ्याशुभ्र ओट्यावर काचेच्या बाउलमध्ये हिरवीगार प्लॅस्टिकची सफरचंदं, शेजारी पास्त्याची उंच बरणी आणि पाककृतींचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. कुकर कुठेही नाही. मिसळणाचा डबा नाही. ओटा पुसायचं फडकं तर शोधूनही सापडायचं नाही.

नात्यात कुणी फ्लॅट बघायला निघालं की मला सोबत नेतात. मीही हौसेने जाते. पुण्याच्या आसपास रावेत, पुनावळे, वाघोली, जिथे म्हणतील तिथे. हॉल आणि बेडरूम पुरुषमंडळी पावलांनी मोजतात, रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट एरिया, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, काढून वाद घालतात. किचनच्या दाराशी आलं की विक्रीवाला मुलगा आपसूक बायकांकडे वळतो. त्याला पक्कं ठाऊक असतं की व्यवहार इथे ठरणार आहे. तो काही बोलत नाही, नुसती एक ट्रॉली ओढतो आणि सोडून देतो. ट्रॉली वेगाने आत जाते, शेवटच्या दोन बोटांवर थबकते आणि मग आवाज न करता हळूच मिटते. सॉफ्ट क्लोज. मग प्रत्येक जण ती एकदा ओढून बघतो. आमच्या सासूबाई तर किती वेळ ओढत आणि सोडत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छान आहे, पण रागावल्यावर आपटायचं काय?"

ट्रॉल्यांवर माझा राग नाही. ओट्याखालच्या अंधारात वाकून, डोकं आत घालून, मागची परात काढण्यासाठी पुढची सात भांडी बाहेर मांडण्यात आमच्या आधीच्या पिढीच्या कमरा गेल्या. स्टीलची थाळ्यांची ट्रॉली ओढली की परात हाती येते, ही सोय मोठीच आहे. पण या ट्रॉल्या कुणाच्या भांड्यांच्या मापाने केलेल्या असतात, ते कळत नाही. कप-बशांना जागा आहे, उंच बाटल्यांना अरुंद कप्पा आहे, काट्या-चमच्यांना साच्यात बसवलेली खोबणी आहे. त्या खोबणीत झारा बसत नाही. उलथनं तिरकं ठेवलं तर खण मिटत नाही. पुरणयंत्र, सोऱ्या, मोदकपात्र, चकलीचं पीठ मळायची मोठी परात ही सगळी मंडळी शेवटी माळ्यावर जातात. आणि विळी? खाली बसून चिरायची वस्तू या उभ्या किचनमध्ये ठेवायची कुठे, हा प्रश्न त्या मुलाला विचारला, तर त्याने फार नम्रपणे सांगितलं, "मॅडम, चॉपर येतो ना."

अशा मापात बसवलेल्या कप्प्या-ट्रॉल्यांच्या, म्हणजे मॉड्युलर किचनचा मूळपुरुष म्हणावा असा नमुना, खरं तर मूळस्त्रीचा, जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमधला आहे. १९२६ साली मार्गारेट शुट्टे-लिहोत्स्की या व्हिएन्नाच्या वास्तुविशारद बाईंनी कामगारांच्या घरांसाठी तो आखला. जेमतेम ६ फूट रुंद आणि ११ फूट लांब. रेल्वेच्या भोजनडब्यातलं छोटं किचन डोळ्यासमोर ठेवून, कामाला किती पावलं पडतात ते मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरवली. इस्त्रीची फळी भिंतीत मिटायची. डाळ-तांदळासारख्या कोरड्या जिनसांना अॅल्युमिनियमचे चोच असलेले खण होते, ओढायचे आणि थेट भांड्यात ओतायचे. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण त्याला कीड लागत नाही. कपाटांना निळा रंग, कारण निळ्यावर माश्या बसत नाहीत असा तेव्हा समज होता. अशी सुमारे १०,००० किचन्स बसवली गेली. गंमत म्हणजे हे आखेपर्यंत आपण कधी स्वयंपाक केला नव्हता, हे बाईंनी पुढे स्वतःच सांगितलं. पण पिठात कीड होते हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या सॅम्पल फ्लॅटवाल्यांना ते अजून कळायचं आहे. त्यांच्या चकचकीत ट्रॉल्यांत दहा किलोचा पिठाचा डबा उभा राहत नाही.

पावलं मोजण्यावरूनच पुढे अमेरिकेत तो प्रसिद्ध त्रिकोण आला: शेगडी, सिंक आणि फ्रिज. तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फूट असावी, असा नियम. माहितीपत्रकात तो हमखास छापलेला असतो, ठिपक्यांच्या रेषांनी. आता सात बाय आठच्या किचनमध्ये कसला त्रिकोण? तिथे पाऊल टाकावंच लागत नाही, नुसतं वळायचं. फ्रिज तर बहुतेकांचा हॉलमध्येच असतो.

खरी अडचण लांबी-रुंदीत नसून उंचीत असते, आणि ती बघायला येणाऱ्यांच्या कधी लक्षातच येत नाही. ओटा साधारण बत्तीस-चौतीस इंचांचा असतो. शेगडीला आणि चिरायला ठीक. पण त्यावर पोळपाट आला की दीड-दोन इंच आणखी चढले. पोळी लाटताना जोर मनगटाचा नसतो, खांद्यातून खाली उतरतो. पोळपाट उंच झाला की खांदे कानांशी येतात, कोपर हवेत राहतं आणि विसाव्या पोळीला मान धरते. माझी एक मावशी ठेंगणी आहे. तिने ओट्याच्या टोकाला दीड हात जागा चार इंच खाली घेऊन बांधून घेतली, फक्त पोळ्या लाटायला. गवंडी म्हणाला, लेव्हल बिघडेल. बिघडली. पण सुना, भाच्या, पाहुण्या, जी येते ती त्याच टोकाला जाऊन उभी राहते. एकाही सॅम्पल फ्लॅटमध्ये मी असं दोन उंच्यांचं प्लॅटफॉर्म पाहिलेलं नाही. फोटोत ते वाकडं दिसत असणार.

फोटोत पांढरं चांगलं दिसतं, म्हणून ओटे सध्या पांढरे. आधी कडाप्पा होता, मग आला काळा ग्रॅनाइट, आता पांढरा क्वार्ट्झ. कडाप्पा म्हणजे चुनखडीचा दगड. लिंबू पिळलं की त्यावर फिकट डाग उमटे आणि तो कायमचा वस्तीला येई. ग्रॅनाइटने ती कटकट मिटवली. लिंबू, चिंच, गरम तवा, काहीही ठेवा, हूं की चूं नाही. आता सगळं सुरळीत चाललेलं असताना आपण भुलतोय क्वार्ट्झला. तो दगडाचा चुरा राळेत बसवून केलेला असतो. राळ आली की उष्णतेची भीती आली. गॅसवरून उतरवलेली कढई थेट त्यावर टेकवायची नाही. आणि हळद! ज्या घरात दिवसातून दोनदा हळदीची चिमूट हवेतून प्रवास करते, तिथे पांढरा ओटा घ्यायला धाडस लागतं. "डाग लगेच पुसला तर निघतो, मॅडम." लगेच म्हणजे कधी? फोडणी जळत असताना?

ओपन किचनचीही लोक अशीच टिंगल करतात. भिंत नाही, सुकट भाजली की सोफ्याच्या उशा आठवडाभर घमघमतात. खरंच आहे ते. तरी मला ओपन किचन आवडतं. भिंत होती तेव्हा आत एक बाई घामाने निथळत असे आणि बाहेर हसण्याचे आवाज येत. ती डोकं बाहेर काढून विचारी, "काय झालं?" तोवर विनोद संपलेला असे. भिंत गेली की तिला विनोद वेळेवर कळतो, आणि सिंकमध्ये साचलेली भांडी सोफ्यावरून सगळ्यांना दिसतात. दिसली म्हणून कुणी उठून घासतं असं नाही. पण "मला दिसलीच नाहीत" ही पळवाट तरी बंद होते.

वासासाठी चिमणी असतेच. तिच्यावर ती तासाला किती हवा ओढते त्याचा, घनमीटरांचा मोठा आकडा लिहिलेला असतो आणि लोक तो बघून खूश होतात. आकडा बघू नये, नळी बघावी. नळी जितकी वळणं घेईल तितका धूर मध्येच दमतो. आणि ती बाहेर कुठे सोडली आहे, हे तर आधी बघावं. आमच्या ओळखीत एका घरी ती सोडली आहे किचनला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत, कपड्यांच्या दोरीच्या बरोब्बर खाली. त्यांच्या मुलाच्या शाळेच्या सदऱ्याला सोमवारी रविवारच्या रश्श्याचा वास येतो.

ही ड्राय बाल्कनी म्हणजे आपल्या फ्लॅटमधली सगळ्यात शहाणी जागा. चार बाय सहाचा तुकडा. पण वॉशिंग मशीन तिथे, भांडी घासायला येणाऱ्या मावशींची मोरी तिथे, कांदे-बटाट्यांची जाळी, रद्दी, नारळ, जादा सिलिंडर, सगळं तिथे. माहितीपत्रकात तिचा फोटो कधीच नसतो. पण नीट पाहा, अनुभवी बाई किचन बघायला आली की ट्रॉल्यांकडे ढुंकून न बघता आधी तो दरवाजा उघडते. माझ्या नणंदेने तेच केलं. आत उभी राहिली, नळ कुठे आहे ते पाहिलं, जमिनीचा उतार कुणीकडे ते पाहिलं, आणि तिथूनच ओरडली, "वहिनी, इथे मावशींना बसून भांडी घासता येतील का गं?" विक्रीवाला मुलगा वास्तूविषयी सांगत होता, आग्नेय दिशा, पूर्वेकडे तोंड. तो गप्प झाला. या प्रश्नाची तयारी त्याच्याकडून कुणी करून घेतली नव्हती.

तो फ्लॅट शेवटी घेतला नाही. तिने घेतला एक जुना, रीसेलचा, रस्त्यापासून आत. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, "मॉड्युलर किचन केलेलं आहे," आणि त्यापोटी मालकांनी किंमत चढवून सांगितली होती. घासाघीस झाली, ते जागचे हलेनात. मरून रंगाचं लॅमिनेट, इटालियन बिजागऱ्या, सगळं त्यांनी एकेक करून उघडून दाखवलं. नणंदेने पैसे मोजले, किल्ली घेतली, आणि गुढीपाडव्याला कलश ठेवून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी किचन फोडायला माणसं बोलावली. सिंकखालचा लाकडाच्या चुऱ्याचा पार्टिकल बोर्ड फुगून पावासारखा झाला होता. ठेकेदाराने खालून वरपर्यंत नजर टाकली आणि सांगितलं, हे सगळं काढून खाली नेऊन टाकायचे पैसे वेगळे पडतील.