पगार पंधरा-वीस हजार, आणि जागेच्या व्यवहारात उतरायचं म्हणताय?

बेळगावच्या उद्यमबागेत पाळी करणाऱ्याला, शहापुरातल्या दुकानात कामाला असणाऱ्याला किंवा खानापूरहून रोज ये-जा करणाऱ्याला कुणी ना कुणी सांगितलेलं असतंच, "दोन गुंठे घेऊन ठेव, दोन वर्षांत दुप्पट होतात." हा सल्ला ज्याचे पैसे चार वर्षं अडकले तरी चूल पेटते त्याच्यासाठी आहे. घरात बायको-मुलं, म्हातारे आई-वडील आणि महिन्याला अठरा हजार येत असतील, तर सुरुवातीला जागा विकत घेऊच नका. आधी घरभाड्याची दलाली करा, त्यासोबत कागद वाचायला शिका. जागेच्या धंद्यात भांडवल नसलेल्याला विकण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे कागदातली खोट इतरांच्या आधी ओळखणं.

घरभाडंच का? कारण पैसे त्याच महिन्यात हातात येतात. मच्छेला विद्यापीठ, नेहरूनगर भागात मोठं इस्पितळ आणि कॉलेजं, कॅम्पात मराठा रेजिमेंटचं केंद्र, उद्यमबागेत कारखाने, त्यामुळे भाडेकरू वर्षभर फिरत असतात. दलालीचा रिवाज साधारण अर्ध्या ते एका महिन्याच्या भाड्याचा. तेच प्लॉटच्या दलालीचा हिशोब करून बघा. तीस बाय चाळीसचा, म्हणजे १,२०० चौरस फुटांचा प्लॉट १,५०० रुपये दराने धरला तर १८ लाख. एका बाजूची एक टक्का दलाली १८ हजार. मध्ये दुसरा दलाल असला, आणि तो असतोच, तर हातात ९ हजार. त्यासाठी तीन ते सहा महिने हेलपाटे, आणि बँकेने कर्ज नाकारलं की शून्य. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात पडेपर्यंत नोकरी सोडायची नाही. पेट्रोल, झेरॉक्स, उतारे, बोजा दाखले (जागेवरच्या नोंदवलेल्या व्यवहारांचे आणि कर्जांचे दाखले) यासाठी महिन्याची एक ठरावीक रक्कम बाजूला काढा. ती संपली की त्या महिन्यात फिरणं बंद. मुलांच्या फीला हात लावला की माणूस घाईने वाईट व्यवहार जुळवतो.

परवान्याचंही आधीच समजून घ्या. रेरा म्हणजे घर-प्लॉटचे प्रकल्प आणि त्यांचे दलाल यांच्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा, तो २०१६ चा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा किंवा आठांहून जास्त घरांचा नवा प्रकल्प नोंदवावा लागतो, आणि अशा प्रकल्पातले प्लॉट किंवा फ्लॅट विकून देणाऱ्या दलालालाही नोंदणी लागते. कर्नाटकात व्यक्तीला फी २५ हजार रुपये, मुदत पाच वर्षं. नोंदणी न करता विकलं तर दंड दिवसाला १० हजार. घरभाडं आणि जुन्या घरांची फेरविक्री यात ती लागत नाही, म्हणून कमी पैशात तिथूनच सुरुवात करावी. आणखी एक, ही नोंदणी राज्यापुरतीच. कर्नाटकाच्या नोंदणीवर चंदगड किंवा गडहिंग्लजमधल्या प्रकल्पातले फ्लॅट विकता येत नाहीत. तिथे महारेराची वेगळी नोंदणी, आणि आता परीक्षाही.

आता कागद. आपल्याकडचा उतारा, म्हणजे आरटीसी किंवा पहाणी, कन्नडमध्ये असतो आणि बरेच मराठी लोक तो दुसऱ्याकडून वाचून घेतात. वाचून देणारा बहुतेक वेळा विकणाऱ्याचाच माणूस असतो. सगळी कन्नड येण्याची गरज नाही. आकडे, आणि विस्तीर्ण (क्षेत्र), खाते, जंटी (सामाईक), ऋण (कर्ज), खराब (खराबा, म्हणजे लागवडीखाली नसलेला भाग) हे शब्द ओळखता आले तरी निम्मं काम होतं. महिनाभर रोज अर्धा तास दिला तर ते जमतं.

तिसऱ्या रकान्यात क्षेत्र असतं, आणि सीमाभागात सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर हेक्टर-आर, आपल्या उताऱ्यावर एकर-गुंठे. २-१५ म्हणजे दोन एकर पंधरा गुंठे, सव्वादोन एकराच्याही वर. तो दशांश नव्हे. चाळीस गुंठ्यांचा एकर, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा. त्याच रकान्यात खराबा वजा केलेला असतो. अ खराबा मालकाच्या ताब्यातला पण पिकाऊ नसलेला. ब खराबा रस्ता, नाला, पाणंद अशा सार्वजनिक वापराचा, तो विकता येत नाही. काही ठिकाणी ब खराब्यावरच प्लॉटचे दगड रोवलेले दिसतात, म्हणून वजाबाकी स्वतः करून बघा.

नवव्या रकान्यात मालकाचं नाव आणि त्याच्या वाट्याचं क्षेत्र. समोर पाच-सहा नावं आणि जंटी असं असेल तर एकट्याची सही चालत नाही. दहाव्यात ते नाव कसं लागलं त्याचा फेरफार नंबर. वारसाने, वाटणीने की खरेदीने, हे त्या नंबरावरून फेरफाराची नक्कल काढल्याशिवाय कळत नाही. अकराव्यात बोजा असतो, म्हणजे सोसायटीचं पीककर्ज, बँकेचं गहाण, कोर्टाची मनाई. हा रकाना रिकामा दिसला म्हणून खूश होऊ नका. पतसंस्थेत नुसती मूळ कागदपत्रं ठेवून काढलेलं कर्ज कित्येकदा तिथेही नसतं आणि बोजा दाखल्यातही नसतं. मूळ खरेदीपत्र डोळ्यांनी बघा. "लॉकरमध्ये आहे" असं दोनदा ऐकलं की समजून जा.

बोजा दाखला निदान तीस वर्षांचा घ्या. कावेरी या कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर मिळतो तो साधारण २००४ पासूनचा. त्याआधीचा उपनिबंधक कार्यालयातून हाती काढावा लागतो, आणि नेमका तोच लोक काढत नाहीत. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुने कागद मराठीत, काही मोडीतही सापडतात. वतन, इनाम, देवस्थान असे शब्द दिसले तर वकिलाकडे गेल्याशिवाय पुढे जाऊ नका. अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला सरकारने दिलेली जमीन १९७८ च्या कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. ती कितीही हातांतून फिरली असली तरी परत जाऊ शकते.

बहिणींचा विषय निघाला की विकणारे हसून म्हणतात, "त्यांचं काही म्हणणं नाही." म्हणणं नसेल तर हक्कसोडपत्र नोंदवून द्यायला काय हरकत आहे? २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क आहे. तो जन्मानेच मिळतो, दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात होते की नाही याला महत्त्व नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. नाडकचेरीतून, म्हणजे होबळीच्या महसूल कचेरीतून, काढलेली वंशावळ घ्या आणि तिच्यातली नावं जुन्या रेशनकार्डाशी ताडून पाहा. गोव्याला किंवा कोल्हापूरला दिलेली बहीण वंशावळीत नसते, ती दाव्यात मात्र बरोबर येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर विकणाऱ्याच्या नावाने दावा आहे का ते फुकट बघता येतं. जाहीर नोटीस द्यायचीच तर एक मराठी आणि एक कन्नड दैनिकात द्या.

गुंठ्याच्या प्लॉटबद्दल थोडं कडक बोलतो. शेतजमिनीचे बाँडवर, म्हणजे नोंदणी न केलेल्या मुद्रांक कागदावर, तुकडे पाडून विकलेले असतात, आणि हप्त्यावर मिळतात म्हणून नेमका कमी उत्पन्नाचा माणूस तिकडे वळतो. सर्व्हे नंबरातला तुकडा नोंदवायला मोजणी खात्याचा ११ई नकाशा लागतो. तो नसेल तर बाँड म्हणजे नुसता कागद, मालकी नव्हे. मुखत्यारपत्रावर मालकी मिळत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगून ठेवलंय. काही जण सामाईकात नाव लावून देतात. मग पोडी, म्हणजे आपल्या हिश्श्याचा वेगळा नंबर, होत नाही, ई-खाता, म्हणजे पालिका-पंचायतीचा ऑनलाइन मिळकत उतारा, मिळत नाही, बँक दारात उभं करत नाही. हप्ते फेडून झाल्यावर हातात उरतो तो चार अनोळखी माणसांबरोबरचा सामाईक उतारा.

"एन.ए. झालंय", म्हणजे जमीन बिगरशेती झालीय, एवढं ऐकून पुरत नाही. एन.ए.चा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा. त्यावरचा सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि वापर घरासाठी की धंद्यासाठी ते पाहा. त्यानंतर लेआउटला मंजुरी लागते, बेळगाव शहराच्या हद्दीत ती बुडाची, म्हणजे शहर विकास प्राधिकरणाची. रस्ते आणि बगीचा सोडून दिल्याचा कागद हवा. ग्रामपंचायतीत फॉर्म ९ आणि ११अ हे मिळकतीचे उतारे मागा. ११ब दाखवला तर घरपट्टीची नोंद आहे एवढंच कळतं, लेआउट मंजूर आहे असं नाही. शहरात सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड आणि पालिकेचा ई-खाता, दोन्हीवरचं माप एकच आहे का ते बघा.

जागा बघायला जायचं तर जुलैत जा. मार्चमध्ये सगळेच प्लॉट कोरडे असतात. बळ्ळारी नाल्याच्या आणि मार्कंडेयच्या काठची भातशेती भर पावसात कशी दिसते ते पाहिल्याशिवाय तिथल्या लेआउटला गिऱ्हाईक नेऊ नका. पश्चिमेकडे जांभा आणि तांबडी माती, पूर्वेकडे जसजसं जाल तसतशी काळी. काळ्या मातीत पाया खोल आणि महाग, हे गिऱ्हाइकाला तुम्हीच आधी सांगावं.

दलालीची बोलणी जागा दाखवण्याआधी. दाखवायला नेताना मोबाइलवर जागा, तारीख आणि टक्केवारी लिहून पाठवा, उत्तरात "हो" येऊ द्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात दोघे परस्पर भेटतात आणि तुम्ही बाहेर. निम्मी दलाली संचकाराच्या, म्हणजे इसार देण्याच्या, दिवशी, निम्मी नोंदणीच्या दिवशी सही होण्याआधी. संचकाराची रक्कम मात्र एक दिवसही स्वतःच्या खात्यात घेऊ नका. जागेच्या व्यवहारात आगाऊ रक्कम २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीने घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो, त्यामुळे ती खरेदीदाराच्या खात्यातून थेट मालकाच्या खात्यात जाऊ द्या.

गिऱ्हाइकाला खर्चही पूर्ण सांगा. प्लॉटला मुद्रांक शुल्क ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज, आणि ३१ ऑगस्ट २०२५ पासून नोंदणी फी २ टक्के. शहरात एकूण ७.६ टक्के. वरच्या १८ लाखांच्या प्लॉटला १,३६,८०० रुपये. सरकारी दर सौद्यापेक्षा जास्त असला तर शुल्क त्या दरावर. महाराष्ट्रात नोंदणी फीला ३० हजारांची मर्यादा आहे आणि घर बाईच्या नावावर घेतलं तर सवलत. कोल्हापूरच्या पाहुण्यांकडून ऐकून लोक इथेही तेच धरून चालतात, पण कर्नाटकात हे दोन्ही नाही.

स्वतःची पहिली खरेदी करायची वेळ आली की मोकळ्या प्लॉटपेक्षा ई-खाता असलेलं जुनं छोटं घर बघा, ज्याच्या दोन खोल्या भाड्याने देता येतील. १० लाखांचं कर्ज २० वर्षांसाठी ९ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता सुमारे ९,००० रुपये. दोन खोल्यांच्या भाड्यातून निदान निम्मा निघाला पाहिजे, आणि वर्षातले दोन महिने खोली रिकामी धरूनच हिशोब करा. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक सहसा देत नाही, ते तुमच्याकडे रोख तयार हवेत. नोंदणी झाली की खात्यावर नाव चढेपर्यंत पाठपुरावा करा, वीज मीटर आणि पाण्याचं कनेक्शन नावावर करून घ्या, आणि जुन्या मालकाची घरपट्टीची थकबाकी नोंदणीआधीच भरून पावती फाइलला लावा.