तुम्ही विचारलंत म्हणून: खरं सावजी कोणतं?

“खरं सावजी कोनतं भाऊ, तुमचं का बसस्टँडवरचं?” उमरेडकडे जाणारी गाडी थांबली, चार माणसं जेवली, की हात धुता धुता हा प्रश्न येतोच. दोन्ही दुकानांच्या पाट्यांवर आजोबांचंच नाव. एकीवर ‘जुने’, दुसरीवर ‘मूळ’. आता एकदाच सांगून टाकतो.

नागपूरकडच्या हलबा कोष्टी विणकरांचा हातमाग गिरण्यांनी आणि पुढे पॉवरलूमने बंद पाडला, तेव्हा त्यांचा घरचा झणझणीत रस्सा ‘सावजी’ म्हणून विकायला निघाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते सोडा. प्रश्न वाटणीचा आहे.

मोठेबाबा (बाबांचे थोरले भाऊ) आणि बाबा वेगळे झाले तेव्हा बाकडी मोजून वाटली, पितळी गंज (पातेली) वजनावर वाटले, उधारीची वहीसुद्धा पानं फाडून अर्धी झाली. दुकानाचा परवाना मोठेबाबांच्या नावावर होता, तो तिकडे, बसस्टँडवर गेला. मसाला वाटायचा दगडी पाटाही तिकडेच गेला. भांडण झालं ते त्या पाट्यावरून, आणि ते उगाच नव्हतं. नव्या पाट्याला टाकी लावली (छिन्नीने टोचून खरबरीत केला) की कितीतरी दिवस दगडाची कच सुटते. जाडंभरडं धान्य वाटून, धुऊन, परत वाटून तो वळणावर आणावा लागतो. तोवर वाटण दाताखाली करकरतं आणि गिऱ्हाईक ताट सरकवून उठतं. पहिल्या पावसाळ्यात आमची निम्मी गिऱ्हाइकं अशीच बसस्टँडवर गेली. मिक्सर का नाही लावला, असंही विचारतात. मिक्सरचं भांडं गरम होतं, खसखस-खोबऱ्याचं तेल सुटतं आणि वास तिथेच उडतो. पाट्यावर पाण्याचा शिपका मारत वाटलं तर तो मसाल्यात राहतो. (आज गर्दीच्या दिवशी आमच्याकडेही मिक्सर फिरतो. फिरतो तर फिरतो.)

पण ज्याची वाटणी झालीच नाही ते आजीचं माप. तिचा सगळा हिशेब मुठीचा. घरच्या कोणाचीही मूठ काट्यावर घाला, वजन वेगळंच भरतं. दोन्ही स्वयंपाकघरांत “आजीचाच मसाला” असतो आणि दोन्हीकडे तो वेगळा होतो, तो इथे.

आमचं माप उघड आहे. एक किलो बोकडाला सुकं खोबरं पन्नास ग्रॅम, धणे तीस, खसखस वीस, दगडफूल चिमटीभर, मिरे, लवंग, दालचिनी, शहाजिरे, तेजपान. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र नाही. धण्याला वेळ लागतो. खसखस तव्यावर टाकून मान वळवली की काळी. दगडफूल नुसतं फुलवायचं. करपलं तर अख्खा गंज कडू, मग गूळ टाकून लपवणारे लपवतात. तिखट तेलात घालताना आच कमी हवी, नाहीतर रंग जळून रस्सा तपकिरी होतो. तेल सुटेपर्यंत मसाला परतायचा आणि आधणाचंच पाणी ओतायचं. गार पाणी घातलं की तर्री बसते. भाजलेलं ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून शेवटी. आधी घातलं तर बुडाला धरतं.

हे सगळं मोठेबाबांकडेही असंच करतात. मुठीच्या मापापलीकडे फरक एवढाच की ते अजून जवसाचं तेल वापरतात, आम्ही सोयाबीनचं. जवसाच्या तेलाला स्वतःचा उग्रपणा आहे, ते लवकर खवट होतं, आणि पूर्वी घाण्यावर ताजं काढून मिळायचं तसं आता रोज मिळत नाही. चवीने पाहिलं तर जुनं तिकडचं. वाटणाने पाहिलं तर, माझ्या मते, बारीक आमचं. एकेकाळी मी छाती ठोकून “खरं आमचंच” म्हणायचो. आता म्हणवत नाही, पण “तिकडचं खरं” म्हणायलाही जीभ उचलत नाही.

तेव्हा दोन्हीकडे जेवा. फक्त तिकडून जेवून येऊन आमच्याकडे “जरा वरून तिखट टाका” म्हणू नका. वरून टाकलेलं तिखट कच्चंच लागतं आणि नावं मात्र आमच्या रश्श्याला ठेवली जातात.