बॉब क्रॉम्प्टनचं ब्लॅकबर्न

मी इचलकरंजीची. मागांची खटखट ऐकत वाढलेल्या माणसाला कापडाचं गाव लगेच ओळखू येतं, मग तिथले माग बंद पडून कितीही वर्षं झालेली असोत. इंग्लंडमधल्या या ब्लॅकबर्नच्या गिरण्या एके काळी आपल्या लोकांसाठी धोतरं विणायच्या, जहाजं भरून हिंदुस्थानात पाठवायच्या. पण गावाशी माझं सूत जुळलं ते इवूड पार्कवर, फुटबॉलच्या मैदानात.

तिथं माझ्या शेजारच्या खुर्चीत ऐंशीच्या घरातले एक आजोबा बसतात. थर्मासमधला चहा झाकणात ओतून आधी मला देतात, मग स्वतः घेतात. आपल्या बचावपटूनं घाबरून चेंडू कुठंतरी भिरकावला की मान हलवतात. "बॉबनं असं केलं नसतं." मला वाटायचं, बॉब म्हणजे त्यांच्या तरुणपणीचा कुणी खेळाडू. तर बॉब क्रॉम्प्टनचा जन्म १८७९ सालचा! त्याला खेळताना पाहिलं होतं ते आजोबांच्या आजोबांनी.

मग मी त्याच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. याच गावचा पोरगा, पट्टीचा पोहणारा, वॉटर पोलोही खेळणारा. १८९६ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे आला आणि १९२० पर्यंत दुसऱ्या कुठल्या क्लबसाठी खेळलाच नाही. जागा राइट-बॅकची, म्हणजे उजव्या बाजूच्या बचावपटूची. त्या काळी गोलरक्षकापुढे दोनच फुल-बॅक असत. खांद्यानं धडक देणं नियमात बसायचं, पावसात भिजून चामड्याचा चेंडू जड व्हायचा, आणि त्याची नाडी कपाळावर लागली तर जखम ठरलेली. असल्या खेळात तो चाळिशीपर्यंत टिकला. लीगचे ५०० हून अधिक सामने!

इंग्लंडकडून १९०२ ते १९१४ या काळात ४१ सामने. आज आकडा लहान वाटेल, पण तेव्हा वर्षाला मुख्यतः वेल्स, आयर्लंड आणि स्कॉटलंड एवढेच प्रतिस्पर्धी असत. १९०८ मध्ये इंग्लंडचा संघ पहिल्यांदा व्हिएन्ना, बुडापेस्ट, प्रागला गेला, तेव्हाही हा संघात होताच. इंग्लंडकडून सर्वाधिक सामन्यांचा त्याचा विक्रम मोडायला १९५२ साल उजाडावं लागलं.

क्लबचे अध्यक्ष तेव्हा लॉरेन्स कॉटन. आडनावाप्रमाणे धंदाही कापसाचाच, स्वतःची गिरणी. त्यांच्या काळात क्लबनं १९११ मध्ये जॉक सिम्प्सन या खेळाडूला आणण्यासाठी १,८०० पौंड मोजले, १९१३ मध्ये डॅनी शीसाठी २,०००. आणि खेळाडूचा कमाल पगार? आठवड्याला ४ पौंडांच्या आसपास. क्रॉम्प्टनच्या नेतृत्वाखाली क्लबनं १९१२ मध्ये पहिल्यांदा लीग जिंकली, १९१४ मध्ये पुन्हा. हे वाचताना मला सारखं वाटत होतं, या पैशात आपल्या खेड्यापाड्यांतल्या धोतरांचाही पैसा असणार. माझ्या पणजोबांच्या अंगावरचं कापडही कदाचित इथलंच असेल.

खेळणं थांबलं तरी तो क्लबमधून हलला नाही. आधी संचालक झाला, पुढे संघाची सूत्रं हाती घेतली आणि १९२८ मध्ये हडर्सफील्डला ३–१ असं हरवून एफ.ए. कप हा इंग्लंडचा मानाचा चषक आणला. १९३१ मध्ये त्याला क्लबबाहेर जावं लागलं. ज्यानं सगळी हयात दिली त्याच्यावर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं. पण १९३८ मध्ये त्यालाच परत बोलावलं, आणि पुढच्याच वर्षी संघ लीगच्या दुसऱ्या, म्हणजे खालच्या विभागात पहिला आला.

१५ मार्च १९४१, शनिवार. युद्ध चालू होतं. इवूड पार्कवर बर्नलीविरुद्धचा सामना बघायला तो आला होता. त्याच दिवशी हृदयविकाराच्या झटक्यानं गेला. वय ६१.

२०१० पासून हा क्लब पुण्याच्या कंपनीचा आहे. त्यामुळे मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर आजोबांचा पहिला प्रश्न पुण्याचाच होता. परवाच्या सामन्याला चहा मी नेला, आलं घालून. पहिल्या घोटाला ते थबकले, मग झाकण पुन्हा पुढे केलं. "तुझ्या गावाहून पुणं किती लांब?" त्यांनी परत विचारलं. एस.टी.नं पाच-सहा तास, म्हटलं.