नेदरलँड्सचं वर्ष, 4 मे आणि आपली 12 जानेवारी

इकडं वर्ष कसं जातंय असं फोनवर सगळेच विचारतात, म्हणून एकदाचं नीट लिहिते. जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे नुसता अंधार आणि पाऊस. 27 एप्रिलला राजा विलेम-अलेक्झांडरचा वाढदिवस, सगळा देश केशरी कपड्यांत, आणि पोरं रस्त्यावर चादर टाकून आपली जुनी खेळणी विकायला बसतात. जूनमध्ये शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला की पास झालेल्याच्या घरावर झेंडा लावतात आणि त्याच काठीला दप्तर लटकवतात, हे मला फार म्हणजे फार आवडलं. सप्टेंबरच्या तिसऱ्या मंगळवारी राजाचं भाषण आणि बजेट, 5 डिसेंबरला सिंटरक्लास, म्हणजे पोरांना भेटवस्तू देण्याचा सण, मग फटाके की झालं वर्ष.

पण मला सांगायचंय ते 4 मे चं. दुसऱ्या महायुद्धात 1940 ते 1945 हा देश जर्मनीच्या ताब्यात होता, इथल्या 1 लाखाहून जास्त ज्यूंना मारलं, आणि 1944-45 च्या हिवाळ्यात तर अशी उपासमार झाली की लोकांनी ट्युलिपचे कंद उकडून खाल्ले. आमच्या शेजारच्या आजी तेव्हा लहान होत्या, त्या अजूनही ताटात एक घास टाकू देत नाहीत. तर 4 मे ला रात्री 8 वाजता सगळा देश दोन मिनिटं गप्प होतो. आमच्या कोपऱ्यावर ट्राम जागच्या जागी थांबली, सायकलवाले एक पाय टेकून उभे, पिझ्झा पोचवणारा पोरगा हेल्मेट काढून हातात धरून उभा होता, कुणी सांगायला नाही की बघायला नाही. आणि दुसऱ्याच दिवशी 5 मे, स्वातंत्र्याचा दिवस, मैदानात गाणी, नाच, बीअर. आदल्या रात्री डोळे पुसणारी माणसंच तिथं नाचत असतात.

मला लगेच आपलं सोलापूर आठवलं. मे 1930 मध्ये इंग्रजांनी आपल्या गावात मार्शल लॉ लावला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना येरवड्यात फाशी दिली. म्हणजे ऐन गड्ड्याच्या, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावर! आपल्याकडं पण दुःख आणि सण असे खेटूनच येतात की. पुतळ्यांना हार घालतात, भाषणं होतात हे खरंय, पण चौकातनं जाणारा रिक्षावाला थांबत नाही, कॉलेजची पोरं थांबत नाहीत, कारण थांबायचं असतंय हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. एक ठरलेली वेळ पाहिजे, भोंगा वाजवा, सिग्नल लाल ठेवा, पार्क चौकापासून बाळीवेशीपर्यंत सगळं दोन मिनिटं थांबू द्या.

येत्या जानेवारीत मी रजा टाकून घरी येतेय. 12 ला भाचरांना घेऊन चार हुतात्मा पुतळ्यापाशी जाणार, कोण कोण येतंय ते कळवा, आणि 13 ला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत भेटूच.