शटरच्या टीव्हीवर छायागीत : कामाची नोंद

लाकडी पेटीचा, सरकत्या शटरचा, वीस इंची कृष्णधवल संच आता चित्र धरतो आहे. हॉरिझॉन्टल स्थिर आहे, आवाज स्वच्छ आहे, आणि छायागीताची (दूरदर्शनवरचा चित्रपटगीतांचा कार्यक्रम) पहिली फीत त्यावर पूर्ण चालली. तळाची दोन बोटं चित्र अजून दबलेलं आहे, ते काम उरलंय. संच दुरुस्त करणं हा या उद्योगाचा अर्धाच भाग. सत्तरच्या दशकातली गाणी त्या काळच्या टीव्हीवर ज्या वेगात आणि ज्या पट्टीत ऐकू यायची, तशीच ती आज यायला हवीत, आणि त्यासाठी संचाला दिला जाणारा सिग्नल नीट तयार करावा लागतो. ही नोंद मुख्यतः त्याबद्दल आहे.

मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. तिथून सोलापूर सुमारे चारशे किलोमीटर, त्यामुळे मूळ प्रक्षेपण इथल्या अँटेनावर येणं शक्यच नव्हतं. तबस्सुम यांचं ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ असो की छायागीत, ते बघायचं तर मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे. म्हणून आपल्याकडे माळ्यावर सापडणारे जुने संच बहुतेक तिकडून आलेले किंवा बरेच नंतर घेतलेले असतात. मात्र शेजारच्या विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर जिल्ह्यांतल्या खेड्यांत १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात टीव्ही थेट उपग्रहावरून उतरला होता. साइट नावाच्या त्या प्रयोगात सहा राज्यांतली सुमारे २४०० गावं होती, एटीएस-६ हा उपग्रह होता आणि कोंबड्यांच्या जाळीच्या तीन मीटरच्या डिश होत्या. अक्कलकोटच्या पलीकडे कुणाच्या पाहण्यात त्यातला ८६० मेगाहर्ट्झचा कन्व्हर्टर आला तर तो भंगारात जाऊ देऊ नका. त्याची किंमत संचापेक्षा मोठी आहे.

संच

हे हायब्रिड जातीचे संच, म्हणजे काही टप्पे ट्रान्झिस्टरचे आणि लाइन (चित्राची आडवी रेघ), फ्रेम (चित्राची उंची), ऑडिओ व्हॉल्व्हचे. पी-मालिकेतल्या (नाव पी ने सुरू होणाऱ्या) व्हॉल्व्हचे हीटर ३०० मिलिअँपिअरच्या एकाच साखळीत असतात आणि चॅसी थेट मेन्सला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की चॅसीवर फेज येते. एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय पाठीमागचं झाकण काढूच नये. संच दीडशे ते पावणेदोनशे वॉट घेतो म्हणून २०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेल असा हिशेब करू नका. आत हाफ-वेव्ह रेक्टिफायर आहे. तो एकाच दिशेने प्रवाह ओढतो, त्यामुळे गाभा संपृक्त होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून घुमायला लागतो. ५०० व्हीएचा घ्या.

बंद संच थेट २३० व्होल्टवर लावणं म्हणजे तो मारणं. आधी एचटीच्या (व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च व्होल्टेजच्या) बीवाय १२७ डायोडचं एक टोक सोडवून ठेवा आणि डिमरस्टॅटने (व्होल्टेज हवं तसं कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने) सावकाश व्होल्टेज चढवा. असं केलं की फक्त हीटरची साखळी पेटते. साखळी असल्यामुळे कुठलाही एक व्हॉल्व्ह काढला तर सगळे विझतात, त्यामुळे एकेक काढून तपासण्याची रेडिओवाली पद्धत इथे चालत नाही. सगळे लालसर पेटले की मग एचटीकडे वळायचं. बीवाय १२७ शंकास्पद वाटला तर १ एन ५४०८ बिनधास्त बसतो.

फिल्टरचे मोठे कंडेन्सर डब्यातले असतात, बहुधा एका डब्यात दोन-तीन. डबा दिसायला जागेवर राहू द्या, पण त्याच्या तारा पूर्ण सोडवा आणि चॅसीखाली नवे २२० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्ट, १०५ अंशांचे लावा. जुन्याला समांतर नवा जोडण्याची सवय वाईट आहे. जुन्याची गळती तशीच राहते आणि डबा तापून फुटतो. १०५ अंशांचाच आग्रह का, तर एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरातली पत्र्याखालची खोली चाळिशीच्या वर असते आणि पेटीच्या आत त्यावर आणखी बरीच भर पडते. ८५ अंशांचा कंडेन्सर तिथे लवकर सुकतो.

कागदी कंडेन्सर सरसकट बदला, ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर घाला. त्यातले दोन जिवावर बेततात. पीएल ५०४ या लाइनच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर गळका असेल, किंवा लाइन ऑसिलेटरच बंद असेल, तर पीएल ५०४ ची अ‍ॅनोड लाल होते. लाली दिसली की लगेच बंद. पाहत बसलात तर व्हॉल्व्हही जातो आणि लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मरही, आणि तो ट्रान्सफॉर्मर आता मिळत नाही. दुसरा बूस्ट कंडेन्सर. तो कमजोर झाला की चित्राची रुंदी आटते आणि उजेड मंदावतो. इथे १००० व्होल्ट किंवा त्याहून वरचा पॉलिप्रॉपिलीन हवा, साधा पॉलिएस्टर टिकत नाही.

रुंदी कमी दिसली म्हणून लगेच आत हात घालू नका. आधी मीटर लावून भिंतीतलं व्होल्टेज बघा. उन्हाळ्यात संध्याकाळी ते २०० च्या आसपास उतरलं तर निरोगी संचावरही दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. सर्व्हो स्टॅबिलायझर लावा.

ईएचटीचा (ट्यूबच्या अति उच्च व्होल्टेजचा) पिंजरा उघडला की आत बोटभर राखाडी लोकर निघते. वीस इंची ट्यूबला सोळा ते अठरा किलोव्होल्ट लागतात आणि तेवढा स्थिर भार हवेतली प्रत्येक काडी ओढतो. यंत्रमागांच्या भागातल्या घरांत त्यात सुताचा बारीक भुस्सा जास्त असतो. तो कोरडा असेपर्यंत निरुपद्रवी, पण पहिल्या पावसाच्या दमट हवेत त्यातूनच चरचर ठिणग्या सुरू होतात. कोरड्या रंगाच्या ब्रशने झाडा, ओलं फडकं नको. त्याआधी ट्यूब डिस्चार्ज करा. तार ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाच्या पट्टीला लावायची, चॅसीला नाही. एकदा करून पाच मिनिटांनी पुन्हा करायचं, कारण काचेत भार परत साठतो.

तळ दबण्याचं कारण बहुतेक वेळा पीसीएल ८०५ या फ्रेमच्या व्हॉल्व्हमधल्या पेंटोडच्या कॅथोडवरचा इलेक्ट्रोलिटिक असतो. या संचात तो बदलल्यावर दबलेला भाग निम्म्यावर आला. उरलेला दोष व्हॉल्व्हचाच दिसतो. दुसरा पीसीएल ८०५ हाती आला की कळेल.

शटरच्या लाकडी पट्ट्या कापडावर चिकटवलेल्या असतात आणि उन्हाने सरस सुटतो. जाड सुती कापड सोलापुरात हवं तसं मिळतं, पण मागावरून नवं आलेलं कापड तसंच लावू नका. त्यातली खळ गरम पाण्यात दोनदा धुऊन काढा, वाळवा, इस्त्री करा, मग फेव्हिकॉल. खळ राहिली तर सरस आत मुरत नाही, आणि कापड नंतर आटलं तर शटर खाचेत अडकतं.

सिग्नल

सर्वांत स्वस्त आणि चांगला मार्ग म्हणजे केबलवाल्यांचा जुना अ‍ॅनालॉग मॉड्युलेटर, म्हणजे चित्र आणि ध्वनी टीव्हीच्या एका चॅनेलवर बसवणारं यंत्र. केबल डिजिटल झाल्यापासून हे यंत्र भंगाराच्या भावात मिळतं. पाल-बी (आपली टीव्हीची पद्धत), व्हीएचएफ, ध्वनी ५.५ मेगाहर्ट्झ अंतरावर, असा बघून घ्या. आपण चॅनेल ४ धरलं आहे, म्हणजे चित्राचा वाहक ६२.२५ आणि ध्वनीचा ६७.७५ मेगाहर्ट्झ. टर्रेट ट्यूनरचे (चॅनेल बदलायच्या फिरत्या ड्रमचे) संपर्क काळे पडलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस घेऊन पुसा, पॉलिशपेपर लावू नका, मुलामा उडतो.

मॉड्युलेटरचं आउटपुट शंभर डीबी मायक्रोव्होल्टच्या वर असतं आणि संचाला साठ-सत्तर पुरतात. म्हणून मध्ये चाळीस डीबीचे अ‍ॅटेन्युएटर, मग ७५ ते ३०० ओहमचा बॅलन (गोल केबल चपट्या तारेशी जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) आणि मग चपटी तार. अ‍ॅटेन्युएटर न लावता जोडलं तर चित्र वाकडं होतं, फाटतं, आणि नवखा माणूस सिंकचा दोष शोधत बसतो. मॉड्युलेटरला अँटेना मात्र कधीच जोडू नका. सगळं तारेतूनच.

फाइल वाजवायला साधा एचडीएमआय ते एव्ही कन्व्हर्टर चालतो, फक्त त्याच्या बाजूचं बटण पालवर आहे ना ते पाहा. बरेचसे एनटीएससीवर येतात आणि चित्र वर-वर पळत राहतं. फाइल आधीच पूर्ण राखाडी करून घ्या. रंग राहिले तर ४.४३ मेगाहर्ट्झचा रंगवाहक कृष्णधवल पडद्यावर बारीक ठिपक्यांची जाळी म्हणून उमटतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली रुंद फाइल असेल तर मधला १४४० बाय १०८० चा तुकडा कापा.

पांढऱ्या अक्षरांची श्रेयनामावली आली की स्पीकरमधून गुर्र आवाज येतो, अक्षरं गेली की थांबतो. हा व्हॉल्व्हचा दोष नाही. आपल्या पद्धतीत पांढऱ्यावर वाहक सर्वांत कमी होतो. व्हिडिओची पातळी जास्त झाली की तो जवळजवळ शून्यावर येतो आणि संचातला ५.५ चा इंटरकॅरिअर ध्वनी त्या क्षणी तुटतो. व्हिडिओ एक व्होल्ट पीक-टू-पीकवर आणा, मॉड्युलेटरवरची डेप्थ थोडी मागे घ्या, गुर्र जाते. त्या काळच्या कार्यक्रमांत काळ्यावर पांढरी पाटी सतत असल्याने हे समायोजन टाळता येत नाही.

गाण्याची पट्टी

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. ५० हर्ट्झच्या टीव्हीत मात्र सेकंदाला २५ चौकटी असतात, म्हणून टेलिसिनेवर (फिल्म टीव्हीवर दाखवणारं यंत्र) फिल्म सरळ २५ ने चालवली जायची. गाणं ४.१७ टक्के जास्त वेगाने पुढे सरकायचं आणि स्वरही तेवढाच चढायचा, सुमारे ०.७ अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतल्या अंतराच्या पाऊणपटीला जरा कमी. रेकॉर्डवर काळी एकमध्ये असलेलं गाणं छायागीतात पांढरी दोनच्या किंचित खाली लागायचं. पेटी घेऊन बसणाऱ्याला ते कुठल्याच पट्टीत सापडत नसे. चार मिनिटांचं गाणं ३ मिनिटं ५० सेकंदांत संपायचं. टीव्हीवर तेच गाणं जास्त उत्साही वाटायचं, त्यामागे हे गणित आहे.

आज मिळणाऱ्या फाइली बहुतेक २४ किंवा २३.९७६ च्या असतात. तशाच वाजवल्या तर चित्र छायागीताचं आणि पट्टी रेकॉर्डची. दुरुस्ती सोपी आहे. चित्राला २५ चौकटींची फाइल म्हणून घोषित करा. ध्वनी ४८,००० हर्ट्झचा असेल तर ऑडॅसिटीत ट्रॅकचा रेट हाताने ५०,००० करा आणि मग ४८,००० ला निर्यात करा. ४८,००० गुणिले २५ भागिले २४ बरोबर ५०,०००, एका नमुन्याचाही फरक राहत नाही. मूळ २३.९७६ ची फाइल असेल तर आकडा ५०,०५०. ‘चेंज टेम्पो’ वापरू नका, ते वेग वाढवून स्वर तिथेच ठेवतं, आणि आपल्याला स्वरच चढवायचा आहे. हे फक्त फिल्मवरून आलेल्या गाण्यांना लागू. स्टुडिओत टीव्ही कॅमेऱ्याने टिपलेले कार्यक्रम मुळात २५ चेच असतात, त्यांना हात लावू नका.

चित्राखाली ईपीचा (४५ फेऱ्यांच्या छोट्या रेकॉर्डचा) स्वच्छ ध्वनी बसवण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे, असं आमचं ठाम मत. रेकॉर्डसाठी गाणं अनेकदा छोटं केलेलं असतं, एखादं कडवं गळलेलं असतं, त्यामुळे ओठ जुळत नाहीत. शिवाय छायागीतात ऐकू यायचा तो फिल्मच्या काठावरचा ऑप्टिकल ध्वनी, वरचा भाग कापलेला, मध्यभाग पुढे आलेला, आणि तो संचाच्या लंबगोल स्पीकरमधून. तोच ठेवावा. ईपी वेगळी ऐकायची वस्तू आहे.

ईपी

धुताना बोअरचं पाणी वापरू नका. आपल्याकडचं पाणी क्षारयुक्त, ते खाचेत वाळलं की कायमची कडकड. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी, लिटरमागे शंभर मिलिलिटर आयसोप्रोपिल आणि भांड्यांच्या साबणाचे तीन-चार थेंब. शेवटची खंगाळणी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने. ७८ ची लाखेची तबकडी असेल तर अल्कोहोल अजिबात नको, लाख विरघळते. पुसायला सोलापुरी टर्किश टॉवेल घेऊ नये. अंग पुसायला त्याला तोड नाही, पण त्याचे फासे खाचेत तंतू सोडतात. धुऊन मऊ झालेलं मलमल किंवा मायक्रोफायबर चालेल.

जुन्या प्लेअरमधली क्रिस्टल कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आधीच मेलेली असण्याची शक्यता मोठी. तिच्यातला रॉशेल क्षार ५५ अंशांच्या आसपास कायमचा बिघडतो, आणि उन्हाळ्यात बंद पेटीत, माळ्यावर, पत्र्याखाली तेवढं तापमान सहज होतं. सिरॅमिक कार्ट्रिज उष्णता सोसते. मोनो ईपी स्टिरिओ कार्ट्रिजने वाजवली तर डावा-उजवा एकत्र करा, मोटरची उभी घरघर बरीचशी आपोआप कटते.

वेग स्ट्रोब चकतीने तपासा, ५० हर्ट्झला ४५ साठी १३३ रेघा. एलईडी दिव्याखाली रेघा थांबताना दिसत नाहीत, कारण चांगल्या ड्रायव्हरचा उजेड लुकलुकत नाही. स्विचबोर्डावरचा निऑन इंडिकेटर जवळ धरला की काम होतं. ४५ वर चकती मागे सरकत राहिली तर आयडलरचं (मोटरवरून तबकडी फिरवणाऱ्या मधल्या चाकाचं) रबर कडक झालेलं आहे, बारीक पॉलिशपेपरने त्याची कड समान घासा आणि मोटरचा शाफ्ट अल्कोहोलने पुसा.

पुढच्या टप्प्यात पीसीएल ८०५ बदलून फ्रेमची लिनिअ‍ॅरिटी लावायची आहे, आणि स्पीकरच्या शंकूची फाटलेली कड मलमल व पातळ केलेल्या फेव्हिकॉलने सांधायची आहे. कुणाकडे चालू पीसीएल ८०५ असेल तर काच पाहून सांगा. आतला चांदीसारखा लेप पांढरा पडला असेल तर तो गेलेला आहे, पाठवू नका.